हरिदासची रजा

१४ जानेवारी

पानिपतला जाऊन आलो. दरवर्षीसारखी महाराष्ट्र मंडळाची बस, दरवर्षीसारखं धुकं, आणि काला अंबच्या स्मारकाशी पोचेपर्यंत तिळाच्या वड्यांचा डबा निम्मा रिकामा. फुलं वाहिली, भाषणं झाली. भाषणांत नवीन काही नव्हतं, लढाई यंदाही आपण हरलोच.

परत निघताना आमचे हे गायब. सगळी माणसं हाका मारत फिरली. शेवटी नागपूरहून आलेल्या कुठल्याशा बसमध्ये सापडले, खिडकीशी, मांडीवर मफलरची घडी ठेवून. "अहो, ही आपली बस नाही," म्हटलं, तर म्हणाले, "पानिपतातून बाहेर काढते ना, मग झालं तर." दोन्ही बसमधली माणसं हसली. मीही हसले. माणसाला जन्मभर सरकारी फायलींवर शेरे मारायला लावलं की विनोद करायला निवृत्त व्हावं लागतं.

तरी मयूर विहार येईपर्यंत मनात काहीतरी खुटखुटत होतं. तो विनोदच होता ना?

२ फेब्रुवारी

देवयानी आली होती. एकुलती एक लेक, गुडगावात नोकरी, गुडगावात नवरा, त्यामुळे आमच्या वाट्याला महिन्यातला एखादा रविवार. आल्या आल्या तिने बापाला न्याहाळलं. "बाबा किती चुप झालेत यार, आई. तुम्ही दोघं नुसते टीव्हीसमोर. एक डॉगी ठेवा ना." फोनवर पिल्लांचे फोटो दाखवत होती. कापसाचे गोळे नुसते.

मी म्हटलं, "पिल्लू मोठं व्हायचं, तोवर ह्या पिकल्या पानांनी कुठवर टिकायचं? आणायचंच तर म्हातारं आणू. आमच्या चालीने चालणारं."

तिला वाटलं मी टाळते आहे. ह्यांनी मात्र वर्तमानपत्रातून डोकं काढून मान डोलावली. पेपर परवाचा होता.

९ फेब्रुवारी

नोएडाच्या पुढे, शेतं सुरू होतात तिथे ती प्राण्यांची संस्था आहे. भानुमती नावाची बाई चालवते. चाळिशीची, आवाज बसलेला, अंगाला फिनेलचा वास. म्हणाली पिल्लं आठवड्यात जातात, मांजराची लहान पोरंही जातात, म्हातारी तेवढी राहतात. एक काणी मांजर कपाटावर बसून आमच्याकडे बघत होती. तिला न्यायला आजवर कुणी आलेलं नाही.

फाटकाशी एक तपकिरी कुत्रा बसला होता, तोंड पांढरं, मागचे पाय आखडलेले. ज्यांनी पाळला त्यांनी नवीन फ्लॅट घेतला, संगमरवरी फरशीचा. त्यात हा बसेना. भानुमती म्हणाली, "आंटी, छोड़ते वक़्त सब यही बोलते हैं, बेटा अभी आता हूँ. तब से ये गेट पर ही बैठता है."

मी भडकलेच. एवढी वर्षं घरात वावरलेला जीव, तो म्हातारा झाला, थोडा त्रास द्यायला लागला, की टाकून यायचा? आणि वर मुक्या प्राण्याशी खोटं बोलायचं? माणसांना काळीज असतं की नाही? मला तर हे जन्मात जमायचं नाही.

हे पुढे झाले आणि कुत्र्याला रीतसर नमस्कार केला. "काय हो हरिदास, इथे पोस्टिंग का तुमचं?" हरिदास म्हणजे ह्यांच्या ऑफिसातले असिस्टंट. ह्यांच्या टेबलासमोर बसून म्हातारे झाले, जाऊनही बरीच वर्षं झाली. गाल अगदी असेच ओघळलेले होते. मला हसू आवरेना. कुत्र्याने शेपटी हलवली, तेव्हा नावाचाही प्रश्न मिटला.

निघताना भानुमतीने त्याचं कांबळं दिलं, त्याच्या जुन्या घरातलं. बजावून सांगितलं, "इसको अभी धोना मत."

१० फेब्रुवारी

कांबळं धुतलं. न धुता घरात कसं घेणार? गरम पाणी, सोडा, वर डेटॉल. उन्हात कडकडीत वाळवून घातलं.

हरिदासने ते हुंगलं, त्याच्याभोवती फिरला, पुन्हा हुंगलं आणि जाऊन दाराला नाक लावून बसला. काही केल्या उठेना. कण्हल्यासारखा आवाज करायचा. मग माझ्या लक्षात आलं काय करून बसले ते, पण वास काही पुन्हा आणता येत नाही.

हे उठले आणि आपल्या पलंगावरची गोधडी घेऊन आले. सासूबाईंनी आपल्या लुगड्यांची शिवलेली. ह्यांना तिच्याशिवाय झोप येत नाही, ऑगस्टातसुद्धा पायाशी लागते. ती अंथरली त्याच्यासमोर. म्हणाले, "नवीन जागा आहे त्यांना. रुजू व्हायला वेळ लागतो." हरिदास तीवर बसला. मला रडू आलं, कशाचं ते कळलं नाही.

३ मार्च

घर बदललं आहे. सकाळी दोघं खाली बागेला चक्कर मारतात, एकाचे गुडघे आखडलेले, एकाचे मागचे पाय, त्यामुळे भांडण नाही. मग हे त्याला पेपर वाचून दाखवतात. गोधडी दिवसा त्याची, रात्री ह्यांची. माझ्याशी वर्षभरात बोलले नसतील इतकं त्याच्याशी बोलतात, आणि तेही अहोजाहो करून.

संध्याकाळी हरिदास दाराकडे तोंड करून बसतो. त्याची माणसं 'अभी आता हूँ' म्हणून गेलीत ना. हे त्याला दरडावतात, "हरिदास, रजा मिळणार नाही. मार्चएंड आहे." समोरच्या फ्लॅटमधल्या सलोनीला मी हे रंगवून सांगितलं, तर ती हसलीच नाही. म्हणाली, "अंकल ठीक हैं ना, आंटी?" हल्लीच्या मुलींना विनोद समजत नाहीत.

१६ मार्च

होळी झाली आणि हरिदासने पहिल्यांदा घर घाण केलं. सकाळी उठले तर पॅसेजमध्ये, चपलांच्या स्टँडशी, लघवीचं थारोळं. त्याला चांगलं फटकारलं. तो मान खाली घालून उभा राहिला. हे आंघोळीला लवकर गेले होते, तेवढं एक बरं झालं, नाहीतर पाय घसरला असता.

भानुमतीला फोन केला. म्हणाली, हा कधी आत करत नाही, डॉक्टरला दाखवून घ्या. दाखवलं. रिपोर्ट स्वच्छ, फरशी ओली.

११ एप्रिल

करोल बागला जाऊन ह्यांच्यासाठी इलॅस्टिकचे पायजमे आणले. उन्हाळ्यात नाडीची कटकट नको. परवा गाठीशी झटत इतका वेळ उभे होते की शेवटी मीच सोडवली. शिवाय हरिदाससाठी रबराची चादर घेतली. दुकानदाराने विचारलं, "घर में बुज़ुर्ग हैं?" मी म्हटलं, "कुत्ता है." त्याने माणसाच्या पलंगाच्या मापाची दिली. बदलून मागायचं राहिलंच. राहू दे, मोठी असलेली बरी.

१९ मे

ऊन असं की भिंतीला हात लावला तर भाजतो. आज कपाटाच्या खालच्या कप्प्यात ओलं. माझी जांभळी इरकल साडी भिजली. हरिदास म्हणजे हद्द झाली. कपाटाचं दार मी लावलं होतं असं वाटत होतं, पण उघडंच राहिलं असणार. माझं लक्षच नसतं हल्ली.

त्याला गॅलरीत काढला. हे जाळीच्या दारापाशी खुर्ची घेऊन बसले, इकडून. उन्हात नको म्हटलं तर म्हणाले, "त्यांची चौकशी चालू आहे का? मी साक्षीला आहे." मी त्याला आत घेतला.

२७ जून

मी आंघोळीला गेले होते तर हरिदासने भुंकून घर डोक्यावर घेतलेलं. एरवी तो भुंकत नाही. तशीच बाहेर आले. गॅस चालू, ज्योत नाही, घरभर वास. हे ओट्याशी चहाचं भांडं धरून उभे. भांड्यात चहाऐवजी माझ्या बीपीच्या गोळ्या.

खिडक्या उघडल्या. शेगडीचे नॉब जुने झालेत, बदलून घ्यायला हवेत. देवयानीला फोनवर काही सांगितलं नाही. ती उगाच घाबरते.

२० जुलै

देवयानी आली ती पॅसेजमध्येच घसरली. मनगट मुरगळलं. मी धावले फडकं घेऊन. ती खालीच बसून राहिली, मग म्हणाली, "आई, किती स्मेल येतोय घरात. हे कधीपासून?"

"म्हातारा आहे तो. आवरत नाही त्याला."

"आणि बाबा पडले असते तर? हिप गेला की संपलं, आई. बिल्कुल नाही. हा कुत्रा परत जाणार."

मी वाद घातला, म्हटलं मी पुसते की, तुला काय त्रास. तिने ऐकलं नाही. माझ्यासमोर भानुमतीला फोन लावला. शनिवारी गाडी येईल.

हरिदास गोधडीवर झोपला होता. झोपेत त्याचे पाय हलत होते. तो जागा झाला तर नजरेला नजर नको म्हणून मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच डाळ निवडत बसले.

२६ जुलै

हे लिहायला हवं, नाहीतर उद्या मी हेही बदलून टाकीन.

भानुमती स्वतः आली होती. देवयानी मनगटाला पट्टा बांधून उभी. हरिदासने भानुमतीच्या हातातला पट्टा पाहिला आणि काही खळखळ केली नाही. उठला आणि आपणहून लिफ्टपाशी जाऊन उभा राहिला. त्याला सगळं ठाऊक होतं. ओढून न्यावं लागलं असतं तर मला सोसलं असतं.

भानुमती खाली वाकून त्याच्या कानाशी म्हणाली, "चल बच्चा." मग मला म्हणाली, "पता नहीं आंटी, इसने अपनी ज़िंदगी में कभी अंदर नहीं किया था."

मी म्हटलं, "हा नाही करत."

देवयानी म्हणाली, "काय?"

"बाबा करतात."

लिफ्ट आली, दार उघडलं, मिटलं, गेली.

"कधीपासून, आई?"

"होळीपासून." मग म्हटलं, "नाही. पानिपतापासून. त्याच्याही आधीपासून असेल."

भानुमतीने पट्टा सोडला. हरिदास आत गेला आणि ह्यांच्या खुर्चीशी बसला. हे पेपर वाचत होते. त्यांनी मान वर करून विचारलं, "बदली रद्द झाली वाटतं?" आणि देवयानी तिथे दारातच रडायला लागली, मोठ्याने, लहानपणी रडायची तशी.

माझ्या नवऱ्याचा दोष मी चार महिने एका मुक्या जनावराच्या माथी मारत होते. एवढ्यासाठी की ज्याला परत नेऊन देता येतं, असा दोषी घरात तोच होता.

१४ ऑगस्ट

डॉक्टर, तपासण्या, डोक्याचे फोटो. आजाराला एक लांबलचक नाव आहे. नाव कळल्याने काय होतं? घरातला वास जात नाही.

दिवसभरासाठी हरीश नावाचा माणूस ठेवला. भला माणूस, पण हिंदी बोलतो, आणि ह्यांची हिंदी गेली आहे. खरंच गेली. साऱ्या नोकरीत हिंदीत भांडले, आता "खाना खा लीजिए" म्हटलं तर भिंतीकडे बघतात. परक्याने अंगाला हात लावला म्हणून त्यांनी त्याला तांब्या फेकून मारला. आठवडाभरात हरीशने हात जोडले.

३१ ऑगस्ट

काल हे हरिदासला घेऊन निघून गेले. मी देवघरात होते. मेट्रो स्टेशनच्या जिन्याखाली सापडले, गर्दीत, पायात चपला नाहीत. हरिदास त्यांच्या पावलांवर अंग टाकून बसला होता, कुणाला जवळ येऊ देत नव्हता. शिपाई काठी घेऊन उभा.

मी जाऊन हात धरला. हे माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बाई, आपण कोण? मला ऑफिसला उशीर होतोय."

घरी आल्यावर देवयानीने कागद पुढे ठेवले. गुडगावात, तिच्या घराजवळ, एक जागा आहे. नर्स असतात, डॉक्टर येतात, हिरवळ आहे. फक्त कुत्रे आत घेत नाहीत. "आई, तू पण सत्तरीला आलीस. तुझं बीपी बघ. हे तुला मॅनेज नाही होणार."

मी तिच्यावर ओरडले. मग सही केली.

१२ सप्टेंबर

सोडून आले.

ह्यांनी कोट घातला होता आणि ऑफिसची जुनी बॅग घेतली होती. गोधडी मी पिशवीत घालून दिली, न धुता. नर्सला समजावून सांगितलं, धुवायची नाही. खोली स्वच्छ आहे. खिडकीतून कडुलिंब दिसतो. हे पलंगाच्या काठावर बसले, बॅग मांडीवर. मी उठले तसे तेही उठले.

मी म्हटलं, "बसा तुम्ही. मी भाजी घेऊन आलेच."

पुढे लिहवत नाही.

१३ सप्टेंबर

हरिदास दाराकडे तोंड करून बसला आहे. आता त्या जुन्या माणसांची वाट बघत नाही, एवढं मला कळतं.

५ ऑक्टोबर

तीन आठवडे येऊ नका म्हणाले होते, माणूस रुळेपर्यंत. देवयानी काचेतून बघून यायची, "ठीक आहेत, आई" म्हणायची. आज मला जाऊ दिलं.

हे बारीक झालेत. दाढी केलेली, कपडे स्वच्छ, दाराजवळच्या खुर्चीत बसलेले, मांडीवर बॅग. पलंगावर सरकारी दवाखान्यात असतं तसलं निळं ब्लँकेट. झोपत नाहीत, म्हणाली नर्स, अंथरूण चाचपत राहतात. गोधडी कुठे आहे विचारलं तर तिने हसून कपाट उघडलं. पांढरीशुभ्र घडी. "बहुत बदबू थी आंटी, हमने दो बार धुलवाई."

मी तिला बोलणार होते. तोंड उघडलं आणि ते डेटॉलमधलं कांबळं आठवलं. घडी पिशवीत घातली आणि घरी घेऊन आले.

६ ऑक्टोबर

गोधडी अंथरली. हरिदासने हुंगली आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "झोप बाबा. तुझं काम आहे हे आता." स्वतःही तीवर आडवी झाले, त्याच्या शेजारी, जमिनीवर. पाठ धरली. दुपारी तिथेच जेवले, आमटी सांडली ती पुसली नाही. आईने बघितलं असतं तर सोवळ्याओवळ्यावरून घराबाहेर काढलं असतं.

९ नोव्हेंबर

धुराने समोरची इमारत दिसत नाही. घसा खवखवतो. देवयानी गाडी घेऊन आली आणि नाक मुरडून म्हणाली, "आई, ही रजई एकदम कुत्र्यासारखी वास मारतेय." मी म्हटलं, "गोधडी म्हणतात तिला. आणि मारू दे."

हे दाराजवळच्या खुर्चीत. मला बघून उठले नाहीत. गोधडी मांडीवर ठेवली तसे त्यांचे चाचपणारे हात थांबले. मग दोन्ही हातांनी उचलून तोंडाशी नेली. किती वेळ तशीच धरून होते. देवयानी बाहेर निघून गेली.

मग मान वर केली आणि माझ्याकडे नीट बघितलं, पाहुण्याकडे बघतात तसं. "आपण हरिदासच्या मंडळी का?"

लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. मी म्हटलं, "हो."

"बसा ना. ते आले नाहीत?"

"त्यांना येऊ देत नाहीत इथे."

त्यांनी मान हलवली, कारण पटल्यासारखी. "बरीच रजा साठली आहे त्यांची. मी उगीच अडवून धरली. त्यांना म्हणावं, रजा मंजूर आहे. दारात ताटकळू नका, घरच्यांजवळ बसा."

मी न राहवून विचारलं, "आणि तुम्ही कधी येणार, साहेब?"

"मला कोण रजा देणार?" म्हणाले, अगदी सहज. मग गोधडी पायावर ओढून घेतली आणि खुर्चीतच डोळे मिटले. नर्स म्हणाली, आल्यापासून दिवसा पहिल्यांदाच झोपले. मी उठले. भाजीचं नाव काढलं नाही. त्यांच्या पायावरून हात फिरवला आणि "जाते हं" म्हटलं, आमच्यात कुणी म्हणत नाही तरी.

घरी आले तर हरिदास दारातच. त्याच्याजवळ खाली बसले आणि सांगितलं, "रजा मंजूर झाली तुमची." त्याने माझे हात हुंगले, आलटून पालटून, बराच वेळ. शेपटी हलायला लागली. तेव्हा त्याला दुसरंही सांगितलं. "साहेब आता येणार नाहीत." हे मी अजून कुणाशीच बोलले नव्हते, देवयानीशी नाही, इथेही लिहिलं नव्हतं.

शेपटी थांबली. तो माझ्या हाताला नाक लावून थोडा वेळ उभा राहिला, आणि मग पुन्हा दाराकडे तोंड करून बसला. मी दिवा लावायला उठले.